भांडं न लपवता

आठ प्रश्नांचा कागद घेऊन मी पहिल्यांदा एका घरात शिरले, तेव्हा घरातल्या बाईंनी आधी मला पाणी दिलं, मग समोर बसल्या आणि म्हणाल्या, "विचारा."

"गेल्या बारा महिन्यांत, पैसे किंवा दुसरं काही साधन नसल्यामुळे, घरात पुरेसं खायला असेल की नाही याची कधी काळजी वाटली का?"

"नाही."

"चांगलं, पौष्टिक अन्न खाता आलं नाही, असं झालं का?"

"नाही."

मी वाचत गेले. ठरावीक दोन-चार पदार्थांवरच भागवावं लागलं का? एखादं जेवण चुकवावं लागलं का? खायला हवं होतं त्यापेक्षा कमी खाल्लं का? घरातलं खाणं संपलं, असं झालं का? भूक असून जेवला नाहीत, असं झालं का? सबंध दिवस उपाशी काढला का? प्रत्येक प्रश्नात ते 'पैसे किंवा दुसरं काही साधन नसल्यामुळे' पुन्हा म्हणायचं असतं, कारण उपास, आजारपण, वजन कमी करायचं खूळ यांची त्यात सरमिसळ व्हायला नको. आठ वेळा ते वाक्य, आठ वेळा नाही. मी कागदाची घडी घातली, चपला पायात सरकवल्या. बाई दारापर्यंत आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, पलीकडच्या घरात काय सांगितलं त्यांनी?"

"ते मला सांगता येत नाही हो."

"नाही, तसं नाही. त्यांनी हो म्हटलं असेल, तर माझंही हो लिहा."

मी काय लिहायला हवं होतं, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. लिहिलं ते आठ वेळा 'नाही', कारण सांगितलं तेच लिहायचं असा नियम. पण त्या दिवसापासून भुकेविषयीचा कुठलाही आकडा वाचला की मला आधी तो दरवाजा आठवतो.

आपल्याकडे दोन म्हणी आहेत. एक म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसरी म्हणते, ताकाला जाऊन भांडं लपवायचं. पहिली लपवायला शिकवते आणि दुसरी लपवणाऱ्याला हसते. लहानपणापासून दुसरी म्हण ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे ताक देणारीच उभी राहायची. दारात पाहुणी आलीय, इकडच्या तिकडच्या गप्पा मारतेय, हिला खरं काय हवंय ते कळत असूनही आपण कळल्याचं दाखवायचं नाही. भांडं घेऊन आलेलीच्या बाजूनं ती म्हण मी कधी ऐकलीच नव्हती. तिला स्वतःच्या घरापासून त्या दारापर्यंत सगळा रस्ता हातात रिकामं भांडं धरून चालायचं असतं. रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला ते भांडं दिसतं.

ते आठ प्रश्न माझे नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं ते तयार केले आणि २०१४ पासून शंभराहून अधिक देशांत ते विचारले जातात. त्यांची मुळं त्याहून जुनी आहेत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागातल्या बायकांना समोर बसवून विचारलं, घरात खायला कमी पडतं तेव्हा नेमकं काय काय होतं? त्या बायकांनी जे सांगितलं, त्याला एक क्रम होता. आधी काळजी सुरू होते. मग ताटातले पदार्थ कमी होतात. मग बाई स्वतःचं खाणं कमी करते, आणि मुलांच्या ताटाला हात लागतो तो सगळ्यात शेवटी. म्हणून त्या यादीत 'उपाशी राहिलात का' हा प्रश्न पहिला नाही. पहिला प्रश्न काळजीचा आहे. हे मला फार पटतं. भूक पोटात यायच्या पुष्कळ आधी डोक्यात येते, रात्री दिवा मालवल्यावर.

आकडेच सांगायचे तर २०२४ साली जगात सुमारे ६७.३ कोटी माणसं भुकेली होती, आणि मध्यम किंवा तीव्र अन्न-असुरक्षिततेत, म्हणजे पुरेसं, चांगलं खायला मिळेलच याची खात्री नसताना जगणारी सुमारे २३० कोटी. पहिला आकडा देशात अन्न किती उपलब्ध आहे आणि ते कसं वाटलं जातं याच्या हिशेबातून काढतात, दुसरा माणसांना विचारून. दोन्हींमध्ये दीडशे कोटींहून जास्त माणसांचं अंतर आहे. ही माणसं दिसायला उपाशी दिसत नाहीत. कामावर जातात, सणावाराला घर झाडतात, पाहुण्याला पाणी देतात. आणि विचारून काढलेल्या आकड्यात, कुठल्या ना कुठल्या दारात कुणीतरी लिहिलेले आठ 'नाही'सुद्धा असणारच.

आमचा गट छोटा आहे. दर महिन्याला काही घरांना धान्य आणि इतर शिधा द्यायचा, अधूनमधून लहान मुलांची मापं घ्यायची, गरज असेल तिथे दवाखान्याचा रस्ता दाखवायचा, एवढंच काम. सुरुवातीला आम्ही फोटो काढायचो. पैसे देणाऱ्यांना पुरावा हवा असतो, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही तो हवाच असायचा. एकदा घरातलं मोठं माणूस कामावर गेलेलं म्हणून नऊ-दहा वर्षांची मुलगी पिशवी न्यायला आली. फोटोसाठी उभी राहिली तेव्हा तिनं पिशवी दोन्ही हातांनी उचलून थेट तोंडासमोर धरली. "पिशवी जरा खाली घे बाळा, चेहरा येत नाहीये." हे वाक्य माझं. तिनं पिशवी खाली घेतली. फोटो चांगला आला. पुढच्या महिन्यात त्या घरातून कुणी आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी मी गेले तेव्हा तिच्या आजीनं सांगितलं, "आता लागत नाही आम्हाला." घरात काहीही बदललेलं नव्हतं, हे दारातूनच दिसत होतं.

फोटो बंद करायला तरीही सहा-सात महिने लागले. आमच्यातच वाद. "आपण काही वाईट करत नाही," "लोक विश्वास कसा ठेवतील," वगैरे. वाद मी जिंकला असं म्हणायला मला आवडेल, पण तसं झालं नाही. फोटो काढणारा माणूस दुसऱ्या गावी बदलून गेला आणि त्याच्या जागी कुणी पुढे आलं नाही.

पिशवीत काय असावं यावर मात्र आम्ही खूप विचार केला होता, निदान आम्हाला तसं वाटत होतं. धान्यातल्या प्रथिनांमध्ये लायसिन हा घटक कमी, डाळी-कडधान्यांत मेथिओनिन हा घटक कमी, दोन्ही एकत्र खाल्ली की एकमेकांची उणीव भरून निघते. हे शास्त्र पक्कं आहे आणि स्वस्तही. म्हणून धान्याबरोबर आम्ही चांगलं जाड कडधान्य द्यायला लागलो. दोन-तीन महिन्यांनी एका बाईंनी पिशवीतून कडधान्याची पुडी काढली आणि टेबलावर परत ठेवली. म्हणाल्या, "हे दुसऱ्या कुणाला द्या. हे शिजेपर्यंत माझं जळण संपतं."

आम्ही प्रथिनं मोजली होती, उष्मांक मोजले होते, आणि चूल मोजायची विसरलो होतो. त्या घरात एकच शेगडी, ती दोन कुटुंबांत वाटलेली, आणि बाई कामावरून येणार अंधार पडल्यावर. रात्रभर भिजत घालायला भांडं लागतं, आणि त्या घरात ते भांडं दुसऱ्या कामात असतं. यानंतर आम्ही भरडलेली, लवकर शिजणारी डाळ द्यायला लागलो. पुस्तकात याला काही भारदस्त नाव असेल. आमच्या वहीत 'जळण बघणे' असं लिहिलंय.

आणि तो तक्ता. खाद्यगटांची रंगीत चित्रं असलेला एक मोठा तक्ता आमच्याकडे होता. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलानं दिवसभरात आठ गटांपैकी निदान पाच गटांतलं काही ना काही खावं, असं मानतात. आईचं दूध हा त्यातला एक गट, मग धान्यं आणि कंद, डाळी आणि दाणे, दूधदुभतं, मांस-मासे, अंडी, 'अ' जीवनसत्त्वाच्या भाज्या-फळं, बाकीच्या भाज्या-फळं. मी हे सगळं काठी लावून समजावून सांगत होते. मागे बसलेली एक तरुण आई बराच वेळ तक्त्याकडे बघत होती, मग तिनं शेजारची पिशवी उघडून आत बघितलं, मग परत तक्त्याकडे.

"यातलं पिशवीत काय काय आहे?"

दोन गट होते, तेल धरलं तरी दोनच. कुणी हसलं नाही, हे त्यांचं सौजन्य.

त्या दिवसानंतर मी तक्ता गुंडाळून ठेवला असं नाही, पण बोलणं बदललं. हातातला पैसा आटला की माणसं धान्य कमी करत नाहीत, धान्याच्या बाजूला जे असतं ते कमी करतात. भाजी, अंडं, फळ, दूध. पोट भरतं, पण लोह, जस्त, 'अ' जीवनसत्त्व मिळत नाही. छुपी भूक म्हणतात ती हीच, आणि ती लपते कुठे तर भरल्या पोटामागे. अशा घरात जाऊन 'रोज फळं खा' सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. त्याऐवजी ज्याला एक पैसाही जास्त लागत नाही असं काय सांगता येईल, ते शोधायची मला सवय लागली. घरात लिंबू-आवळा असलाच, तर तो जेवणाबरोबर घेतल्यानं पालेभाजीतलं आणि डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं, आणि जेवणाला लागून चहा घेतला तर कमी, म्हणून चहा तासाभरानं घ्यावा. लहान मुलाचं पोट मुठीएवढं असतं, त्यात पातळ पाणीदार पेज भरली की ते भरतं पण मुलाला ताकद मिळत नाही. तीच पेज जरा घट्ट करून वर चमचाभर तेल घातलं की तेवढ्याच वाटीत कितीतरी जास्त उष्मांक मावतात, कारण एक ग्रॅम पिठात चारच्या आसपास उष्मांक तर एक ग्रॅम तेलात नऊ. तेल पिशवीत होतंच. हे ऐकताना बायका पहिल्यांदा पुढे सरकून बसल्या.

दंडाची पट्टी हा माझा आवडता विषय आहे, थोडं लांबलं तर चालवून घ्या. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर एक पट्टी गुंडाळतात. साडेबारा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर हिरवा भाग, साडेअकरा ते साडेबाराच्या मध्ये पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. लाल म्हणजे तीव्र कुपोषण, मुलाला लगेच उपचार हवेत. इतक्या वेगवेगळ्या वयांना एकच माप कसं चालतं, असा प्रश्न मलाही पडला होता. गंमत अशी की निरोगी मुलाचा दंड पहिल्या वाढदिवसापासून पाचव्यापर्यंत फारसा बदलतच नाही. बाळपणीची चरबी कमी होत जाते आणि तिथं स्नायू येतात, घेर जवळपास तोच राहतो. म्हणून वय विचारायची गरज नाही, तराजू न्यायची गरज नाही, वाचता यायची गरज नाही. नायजरमध्ये आयांनाच ही पट्टी वापरायला शिकवून पाहिली, तर त्यांनी प्रशिक्षित आरोग्यसेवकांच्या तोडीची मापं घेतली. आणि त्या रोज मूल आंघोळीला घेतात, आम्ही महिन्यातून एकदा जातो. लाल व्हायच्या आधी पिवळं कोण बघणार, हे उघड आहे. आता आम्ही पट्टी आईच्या हातात देऊन येतो. पहिल्यांदा दिली तेव्हा एका आईनं ती आधी स्वतःच्या मनगटाला गुंडाळून बघितली.

पण पट्टीसुद्धा सगळं सांगत नाही. दुसरी तपासणी त्याहून साधी. मुलाच्या दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरायचा आणि उचलायचा. खळगा तसाच राहिला तर ती सूज. कुपोषणानं येणारी ही सूज फसवी, कारण मूल गुबगुबीत दिसतं. सूज म्हणजे बाळसं नव्हे, असं आपल्या आज्या म्हणायच्या, ते मी बढाईखोर माणसांबद्दलच वापरलेलं ऐकलं होतं. म्हण पाळण्याशेजारीच जन्मली असणार, हे कधी लक्षात आलं नव्हतं.

या आजाराचं इंग्रजी वैद्यकातलं नाव क्वाशिओरकोर. ते मुळात इंग्रजी नाहीच. डॉ. सिसिली विल्यम्स १९३०च्या दशकात गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये काम करत होत्या. सुजलेली, अंगावरची कातडी सोलवटलेली, कशातच लक्ष नसलेली मुलं त्यांच्याकडे यायची. १९३३ मध्ये त्यांनी या आजाराचं वर्णन छापलं आणि १९३५ मध्ये त्याला तिथल्याच गा भाषेतलं नाव दिलं, जे तिथल्या आया वापरत होत्या. त्याचा अर्थ साधारण असा: पाठचं बाळ आलं की आधीच्या मुलाला होणारा आजार. दूध तुटतं, आणि दुधाच्या जागी ताटात नुसतं पीठ येतं. मराठीतही आईच्या कडेवरून उतरवलेलं ते दीड-दोन वर्षांचं मूल आपण सगळ्यांनी बघितलंय, त्याच्यासाठी एकच शब्द नसला तरी. विल्यम्सबाईंचं मोठेपण मला यात वाटतं की त्यांनी विचारलं, तुम्ही याला काय म्हणता, आणि मग ते लिहून ठेवलं. आयांनी निदान केलेलंच होतं.

आता जरा कडू भाग. मदत घ्यायला येणारे सगळे नम्र असतात अशी काहीजणांची अपेक्षा असते. तसे ते नसतात. एक गृहस्थ यायचे, पिशवी हातात घेतली की आधी वजन करायला लावायचे, धान्यात खडे निघाले म्हणून ओरडायचे, रांगेत कुणी पुढे गेलं तर भांडायचे. "फुकटचं मिळतंय तरी केवढी मिजास," असं आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, आणि मी मान हलवली होती. पुढे कधीतरी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या एका प्रयोगाविषयी वाचलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांना त्यांच्याच संमतीनं सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपासमारीतून सुटलेल्या लोकांना पुन्हा खायला कसं घालायचं, हे शिकायचं होतं. त्यांची वजनं सुमारे पाव हिश्शानं उतरली, हे अपेक्षितच होतं. पण शांततेसाठी युद्ध नाकारणारी ही मुलं चिडचिडी झाली, एकमेकांवर खेकसायला लागली, एकटी बसायला लागली. स्वयंपाकाची पुस्तकं वाचत बसायची, ताट चाटून पुसून काढायची, एकच जेवण तास-दोन तास पुरवायची. कामात लक्ष लागेना, विनोद सुचेना. आणि त्यांना माहीत होतं की अमुक तारखेला हे संपणार आहे.

खड्यांवरून भांडणाऱ्या गृहस्थांना अशी तारीख कुणी दिलेली नव्हती. खडे, तसे, खरोखरच होते. आम्ही दुकानदार बदलला.

कुठल्याही वस्तीत, सगळ्यांचे हाल सारखेच असताना, एखाद्या घरातलं मूल मात्र टुणटुणीत असतं. १९९० मध्ये जेरी आणि मोनिक स्टर्निन हे जोडपं 'सेव्ह द चिल्ड्रन' या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतर्फे व्हिएतनामला गेलं, तेव्हा सरकारनं त्यांना काही करून दाखवायला सहा महिने दिले होते. पैसा जवळपास नव्हताच. त्यांनी गावातल्या स्वयंसेवकांनाच विचारलं, अगदी गरीब असूनही मूल धडधाकट आहे, अशी घरं आहेत का? होती. त्या घरांत काय वेगळं होतं? आया भातशेतातून बोटाच्या पेराएवढे झिंगे आणि खेकडे गोळा करून मुलांच्या जेवणात टाकत होत्या, रताळ्याचा पाला घालत होत्या. बाकीचे लोक ते मुलांचं खाणं मानत नव्हते. शिवाय दोनदा भरपूर वाढण्याऐवजी त्या दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं भरवत होत्या, हात धुऊन. मग बायकांनी एकत्र स्वयंपाक करायचा ठरला, आणि आत यायची अट काय, तर येताना मूठभर झिंगे आणि पाला गोळा करून आणायचा.

ही मूठ मला फार आवडते. ही झाकलेली नाही, आणि रिकामीही नाही. रिकामं भांडं घेऊन कुणी येत नाही, प्रत्येकजण काहीतरी घेऊनच येतो.

हे वाचून आम्हीही उत्साहानं एका तशा आईला शोधून काढलं आणि तिला सगळ्यांपुढे उभं करून 'तुमचं रहस्य सांगा' म्हणालो. बिचारी घामाघूम झाली. बाकीच्या बायकांनी नंतर महिनाभर तिच्याशी नीट बोलणं टाकलं होतं. व्हिएतनाममध्ये त्यांनी तसं केलं नव्हतं, तिथं सगळ्यांनी मिळून शिजवलं होतं. आम्ही गोष्ट अर्धीच वाचली होती.

'फूड बँक' हा शब्द आता सगळीकडे ऐकू येतो. तो आला कुठून, याची गोष्ट अशी सांगतात: अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल नावाचे गृहस्थ एका अन्नछत्रात राबायचे. तिथं येणारी, बऱ्याच मुलांची आई असलेली एक बाई त्यांना म्हणाली, की दुकानांच्या मागे टाकून दिलेलं चांगलं अन्न उचलून ती घर चालवते. जिथं असं अन्न ठेवता येईल आणि लागेल तेव्हा काढता येईल, बँकेसारखी, अशी एक जागा हवी. १९६७ मध्ये व्हॅन हेंगेल यांनी तशी जागा सुरू केली, आणि तिथून ही कल्पना जगभर गेली. बाईंचं नाव मात्र गोष्टीत येत नाही. तिनं 'बँक' हाच शब्द का निवडला असेल, यावर मी पुष्कळदा विचार केलाय. बँकेच्या रांगेत उभं राहायला कुणी मान खाली घालत नाही.

नाव बँकेचं पडलं तरी रांग बऱ्याच ठिकाणी जुनीच राहिली, हे कबूल करायला हवं. रांग मोडायचे खरे उपाय मला दुसरीकडेच दिसतात. फिनलंडमध्ये १९४८ पासून शाळेतल्या प्रत्येक मुलाला दुपारचं जेवण मोफत मिळतं, प्रत्येकाला. त्यामुळे कुणाच्या ताटावरून कुणाचं घर ओळखू येत नाही. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंटे शहरानं १९९३ मध्ये अन्न हा नागरिकाचा हक्क मानून महापालिकेचं वेगळं खातंच काढलं. तिथल्या सार्वजनिक भोजनालयांत स्वस्तात जेवण मिळतं आणि दार सगळ्यांना खुलं असतं, कारकून, विद्यार्थी, म्हातारे, रस्त्यावर राहणारे सगळे एकाच रांगेत. ही कामं सरकारनं करायची असतात, आणि आमच्यासारख्या गटांनी पिशव्या वाटत बसल्यामुळे सरकारला ती टाळायची सोय होते, असा एक आक्षेप आहे. मला तो पूर्ण खोडता येत नाही. पण या महिन्यात ज्या घरात पीठ नाही, तिथं जाऊन मी आक्षेप सांगू शकत नाही.

उरलेल्या अन्नाबद्दल एकच सांगते, कारण त्यावरून फोन फार येतात. २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न दुकानांत, उपाहारगृहांत आणि घरांत वाया गेलं, त्यातलं साठ टक्के घरांतून. ही शरमेची गोष्ट आहेच. पण रात्री अकराला फोन करून "कार्यक्रमातलं उरलंय, तुमच्या लोकांना द्या" म्हणणाऱ्यांना मी आधी विचारते, शिजवून किती वेळ झाला? शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त वेळ नुसतं बाहेर ठेवू नये, एक तर ते वाफाळतं हवं नाही तर थंडगार. "तुम्ही आता खाल का ते?" या प्रश्नावर पलीकडे बरेचदा शांतता असते. 'तुमच्या लोकांना' या शब्दांवर मी काही बोलत नाही. बोलायला हवं.

आमच्या खोलीत आता पिशव्या भरलेल्या नसतात. टेबलांवर माल मांडलेला असतो आणि येणारा आपला आपण उचलतो, प्रत्येक वस्तूला काही गुण आणि माणशी गुण ठरलेले, त्यात बसेल ते. पहिल्या महिन्यात आम्हाला वाटलं होतं, सगळे साखरच नेतील. काहींनी नेली. पण अंडी सगळ्यात आधी संपली, आणि साबण. साबण कधी आमच्या यादीतच नव्हता. वेळही बदलली, शाळा सुटायच्या वेळेला धरून, म्हणजे त्या खोलीकडे जाणारं माणूस मुलाला आणायला चाललंय की शिधा न्यायला, हे रस्त्यावरच्याला कळू नये. खडे काढणारे गृहस्थ आता तराजूपाशी बसतात. कुणालाही अर्धी मूठ जास्त देत नाहीत. मलाही नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा घरोघर जायची वेळ आली. नवीन आलेल्या मुलींसाठी मी ते आठ प्रश्न बोलीत लिहून काढत होते, छापील भाषा जिभेवर अडखळते म्हणून. संध्याकाळी घरी मोठ्यानं वाचून बघत होते. आई समोर भाजी निवडत बसली होती, ऐकतेय की नाही ते कळत नव्हतं. मी शेवटपर्यंत वाचलं आणि पेनाचं टोपण लावलं.

"पाचवा परत वाच," आई म्हणाली.

"घरात पैसे नव्हते म्हणून, जेवढं खायला हवं होतं त्यापेक्षा तुम्ही कमी खाल्लंत, असं कधी झालं का?"

तिनं एक पिवळं पान बाजूला काढलं.

"हे बारा महिन्यांतलंच विचारतायत ना?"

"हो."

"मग नाही," आई म्हणाली, आणि दुसरी जुडी सोडायला घेतली.